घडविणाऱ्याचे ज्ञान आणि त्याचे प्रकाशन

१

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरातील मूल अक्षरे गिरवू लागले की लवकरच त्याच्यापुढे एक लहानसा पेच उभा राहतो. घरी आजीच्या पोथीत 'ल' पाकळ्यांचा असतो. शाळेच्या हिंदी पुस्तकात तोच 'ल' दंडाला टेकलेला दिसतो. 'श'चीही तीच गत. मूल विचारते, खरा कोणता? शिक्षक सांगतात, दोन्ही खरे. येथवर ठीक आहे. परंतु मूल थोडे धीट असले आणि "मग दोन का?" असे त्याने विचारले, तर शिक्षकाने जावे कोठे? शब्दाचे मूळ पाहावयाचे असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश हाताशी आहे. वृत्ताविषयी शंका असेल तर माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना' आहे. अक्षराच्या आकाराविषयी शंका आली तर सहज उघडून पाहावा असा ग्रंथ मात्र आपल्या शाळांच्या कपाटांतून आढळत नाही.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीच्या वर्णमालेची रूपे निश्चित केली आणि त्यात पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ह्यांना मान्यता दिली. त्यामुळे व्यवहाराचा प्रश्न काही अंशी सुटला. परंतु निर्णय ही एक गोष्ट आणि त्यामागील ज्ञान ही दुसरी. अमुक वळण कोणत्या हत्याराने आले, कोणत्या अडचणीमुळे टिकले किंवा मागे पडले, लहान आकारात छापले असता वाचकाच्या डोळ्याला कोणते सुकर होते, हे सांगणे शासनाचे काम नव्हे. ते संशोधनाचे काम आहे. आज तर त्याची गरज अधिकच आहे. संगणकाच्या संकेतावलीत 'ल'च्या दोन्ही रूपांना एकच संकेत आहे. पडद्यावर कोणते रूप उमटावे, हे फाँट घडविणारा ठरवितो. म्हणजे आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे कोणते अक्षर यावे ह्याचा निर्णय रोज कोणीतरी घेत आहे. आणि तो कोणत्या विचाराने घेतला जातो, हे बहुतेक शिक्षकांना ठाऊक नाही.

हा प्रश्न वरवर पाहता लिपीचा आहे. पण थोडे खोल गेले तर त्याच्या मुळाशी आपल्या विद्याव्यवहारातील एक मोठी उणीव दिसते. वस्तू घडविण्याची जी विद्या, जिला जगभर 'डिझाइन' म्हणतात, तीत संशोधन कशाला म्हणावे आणि ते प्रसिद्ध कसे करावे, हा विचार आपण साहित्यसेवकांनी कधी आपला मानला नाही. मराठी अक्षराच्या घडणीविषयी प्रसिद्ध झालेल्या तीन ग्रंथांच्या आधाराने हा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दाविषयी. 'डिझाइन' ह्या शब्दाचा सगळा अर्थ पेलणारा एकच प्रतिशब्द मराठीत रूढ झालेला नाही. 'नक्षी' म्हटले तर अर्थ उथळ होतो, 'आराखडा' म्हटले तर कागदापुरता उरतो, 'अभिकल्प' हा शब्द अभियंत्यांच्या कचेरीबाहेर फारसा आला नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या पिढ्यांना 'संकल्पचित्र' हा शब्द परिचित आहे. त्याच कुळातील 'संकल्पन' हा शब्द मी येथे वापरतो. वस्तू हाती येण्यापूर्वी आणि हाती येत असताना तिच्याविषयी केलेला साक्षेपी विचार, असा त्याचा अर्थ घ्यावा.

ह्या विद्येत संशोधन करून ते नियतकालिकातून प्रसिद्ध करण्याची प्रथा जगातही तशी तरुणच आहे. १९६२ साली लंडन येथे संकल्पनाच्या पद्धतींविषयी पहिली परिषद भरली. १९६६ साली इंग्लंडमध्ये संकल्पन-संशोधनाची संस्था स्थापन झाली. आणि १९७९ साली तिच्या आश्रयाने 'डिझाइन स्टडीज' हे नियतकालिक निघाले. अमेरिकेत १९६७ साली केवळ मुद्राक्षरांच्या संशोधनाला वाहिलेले एक त्रैमासिक सुरू झाले. १९७१ साली त्याने 'व्हिजिबल लँग्वेज' हे नाव धारण केले. आपल्याकडे अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था १९६१ सालची आणि मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक संकल्पन केंद्र १९६९ सालचे. म्हणजे व्याकरण, छंद, न्याय ह्यांच्या शेजारी बसविले असता ही विद्या अद्याप पाळण्यातच आहे. तेव्हा तिच्या प्रकाशनाच्या रीती अजून पक्क्या झालेल्या नाहीत, ह्यात नवल नाही.

तथापि एक वर्गीकरण उपयोगी पडण्याजोगे आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली एका छोट्या निबंधात कला व संकल्पन ह्यांतील संशोधनाचे तीन प्रकार सांगितले. त्याचा आशय आपल्या भाषेत मांडावयाचा तर असा : एक, घडलेल्या वस्तूविषयीचे संशोधन, जसे तिचा इतिहास; दुसरे, घडविण्यासाठी केलेले संशोधन, जसे मोजमाप व सामग्री गोळा करणे; आणि तिसरे, घडविता घडविता, घडविण्याच्याच द्वारा झालेले संशोधन. पहिले दोन प्रकार विद्यापीठाला समजतात, कारण ते इतर विद्यांसारखेच दिसतात. तिसऱ्याचे काय करावे, ह्याविषयी मात्र तेथेही अद्याप वाद आहेत. आपले तीन ग्रंथ ह्या चाळणीतून पाहिले म्हणजे काय उरते आणि काय गळते, ते स्पष्ट होते.

३

पहिला ग्रंथ अनंत काकबा प्रियोळकरांचा. भारतातील मुद्रणाच्या चतुःशताब्दीनिमित्त लिहिलेला त्यांचा 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' हा ग्रंथ मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने १९५८ साली प्रसिद्ध केला. १५५६ साली गोव्यात मुद्रणयंत्र उतरले, तेथपासून ही कथा सुरू होते. प्रियोळकर स्वतः गोव्याचे. पोर्तुगीज, मराठी आणि इंग्रजी कागदपत्रांतून त्यांनी जी सामग्री उभी केली, तिला आजही वळसा घालून जाता येत नाही. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मात्र मराठी. ह्याचे कारण अनास्था हे नव्हते. स्टीफन्सने १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात देशी भाषेची पुस्तके देशी अक्षरांतच छापली जावीत अशी आपली जुनी इच्छा कळविली होती. परंतु युरोपात चोवीस अक्षरांनी भागते, तेथे ह्या लिपीला जोडाक्षरे व स्वरचिन्हे धरून सुमारे सहाशे साचे लागतात, ही अडचण त्याने त्याच पत्रात नोंदविली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक मोठी घटना एका संकल्पनाच्या प्रश्नापाशी अडून राहिली होती, हे ह्या एका पत्राने उघड होते. प्रियोळकरांचा हा ग्रंथ पहिल्या प्रकारच्या संशोधनाचा उत्कृष्ट नमुना आहे.

त्याची मर्यादाही त्याच्या साधनांतच आहे. दप्तरात जे राहते तेच इतिहासकाराला सापडते, आणि दप्तरात हुकूम राहतात, हिशेब राहतात, पत्रे राहतात. हाताचे काम राहत नाही. पुण्यात नाना फडणिसांच्या काळी गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याचा बेत झाला आणि तो १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तडीस गेला. ते पत्रे कोरले तांबटाने. त्या तांबटाने उलट अक्षर कसे साधले, कोणत्या वळणाला त्याची छिन्नी अडली, हे कोणी लिहून ठेवले नाही. एके ठिकाणी मात्र हा अंधार थोडा फिटतो. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछाप सुरू करून १८३१ साली पंचांग छापले आणि पुढे खिळ्यांचे अक्षर सिद्ध केले. त्यांच्या खटपटीचे वर्णन गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' ह्या पुस्तकात करून ठेवले आहे. माडगावकर मुद्रक नव्हते. ते शिक्षक होते. एका शिक्षकाने शेजारच्या कारागिराच्या कामाकडे कौतुकाने पाहिले आणि ते साध्या मराठीत टिपले, म्हणूनच आज आपल्याला त्याविषयी काही बोलता येते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि शेवटी तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

दुसरा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६१ साली प्रसिद्ध केलेला. मराठीतील ध्वनींची वारंवारता मोजून ती शीघ्रलिपीच्या रचनेशी जोडण्याचा प्रयत्न एस. व्ही. भागवत यांनी त्यात केला आहे. फ्रेलिंगच्या भाषेत हे 'घडविण्यासाठी' केलेले संशोधन. त्याचा मोठा गुण असा की ते तपासता येते. आकड्याविषयी शंका आली तर दुसरा उतारा घ्यावा आणि पुन्हा मोजावे. संकल्पनविद्येत 'मला असे वाटते' ह्या वाक्याचे राज्य फार. तेथे असा मोजलेला आधार म्हणजे खडकावर पाय ठेवल्यासारखे आहे. उणीव इतकीच की ध्वनी म्हणजे आकार नव्हे. एखादा वर्ण किती वेळा येतो हे कळले, तरी तो आला असता शेजारच्या वर्णाशी त्याचे कसे जुळते, त्याची वेलांटी कोणावर आदळते, त्याचा रफार कोठे बसतो, हे संख्येतून निघत नाही. त्यासाठी कोणीतरी अक्षर काढून पाहावे लागते.

तिसरा ग्रंथ बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी'. भाषा संचालनालयाने तो १९७१ साली तीन खंडांत प्रसिद्ध केला. शासकीय मुद्रणखात्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या मनुष्याने लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे देवनागरी मुद्राक्षरांविषयीच्या माहितीचे कोठार आहे. आधीचे दोन लेखक अक्षराकडे बाहेरून पाहतात. नाईक छापखान्याच्या आतून बोलतात. पानावर अक्षर कसे बसते, यंत्रजुळणीला काय सोसते, हे त्यांना पोथीतून शिकावे लागले नव्हते. आपल्याकडील ह्या विषयावरचा हा सर्वांत भरघोस ग्रंथ होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही तिन्ही ग्रंथ शेजारी ठेवले की एक विचित्र गोष्ट डोळ्यांत भरते. मराठी संशोधन मंडळ, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि भाषा संचालनालय ह्या तीन महाराष्ट्रीय संस्थांनी, मराठी अक्षराशी निगडित असलेले हे तीन ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि तिन्ही इंग्रजीत. ह्याला कारणे आहेत. गोव्याच्या मुद्रणाचा इतिहास साऱ्या देशाचा आहे. देवनागरी ही हिंदी, संस्कृत आणि नेपाळीचीही लिपी आहे. परदेशी अभ्यासकांपर्यंत पोहोचणेही अवश्य होते. नाईकांनी पुढे 'भारतीय ग्रंथमुद्रण' हे पुस्तक मराठीत लिहिले, हेही नोंदविले पाहिजे. पण किंमत काय पडली? जो जुळारी आयुष्यभर ते खिळे जुळवीत होता, त्याच्यासाठी त्या ग्रंथांचे दार बंद राहिले. त्याला त्यात चूक काढता आली नाही, भर घालता आली नाही. ज्यांच्याविषयी संशोधन आहे त्यांना जे वाचताच येत नाही, त्याची तपासणी अर्धीच होते.

वास्तविक शब्दांची अडचण नव्हती. काना, मात्रा, वेलांटी, रफार, दंड, शिरोरेषा, गाठ, पाकळी, देठ : अक्षराच्या अवयवांची ही नावे आपल्या बिगरीतल्या मुलालाही येतात. छापखान्यात खिळा, मातृका, जुळारी, फर्मा हे शब्द नांदत होतेच. द. ग. गोडसे यांनी 'पोत' हा विणकराच्या घरचा शब्द उचलून १९६३ साली आपल्या ग्रंथाला तेच नाव दिले आणि कलासमीक्षेला एक नवी संज्ञा मिळवून दिली. गोडसे स्वतः नेपथ्यकार व चित्रकार होते. हाताने काम करणारा मनुष्य मराठीत विचार मांडू लागला म्हणजे भाषा कशी वाढते, ह्याचे हे उदाहरण आहे. ते अपवादात्मक राहिले, हे आपले दुर्दैव.

४

आता चाळणीतून गळलेल्या तिसऱ्या प्रकाराकडे वळू.

काही वर्षांपूर्वी बेळगावातील एका जुन्या छापखान्यात जाण्याचा योग आला. खिळ्यांची जुळणी तेथे थांबली होती आणि शिसे मोडीत विकावयाचे ठरले होते. तेथल्या वृद्ध जुळाऱ्याने मला खिळ्यांच्या केसपुढे उभे केले आणि विचारले, "मास्तर, ह्यात 'क' कोठे असेल, सांगा पाहू." मी वर्णमालेच्या क्रमाने शोधू लागलो. ते हसले. केसमधली घरे वर्णमालेच्या क्रमाने नसतात. जो खिळा वारंवार लागतो तो हाताच्या जवळ, जो क्वचित लागतो तो दूर. भागवतांनी जे मोजण्यासाठी ग्रंथ रचला, त्याचे एक ओबडधोबड उत्तर त्या लाकडी केसमध्ये कित्येक पिढ्या पडून होते. मग त्यांनी मला खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणाऱ्या मात्रा दाखविल्या. त्यांतल्या कोणत्या आधी मोडतात, मोडू नयेत म्हणून ओळ कशी आवळावयाची, कोणता शब्द ओळीच्या शेवटी येऊ द्यावयाचा नाही, हे सांगितले. अर्ध्या तासात मी देवनागरीविषयी जे शिकलो ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. मी घरी येऊन चार ओळी टिपल्या आणि पुन्हा जाऊन सविस्तर लिहून घ्यावयाचे ठरविले. पुन्हा गेलो तेव्हा छापखाना नव्हता आणि ते गृहस्थही नव्हते. हा दोष सर्वस्वी माझा.

ही एकट्याची गोष्ट नव्हे. निर्णयसागरचे अक्षर म्हणजे मराठी व संस्कृत मुद्रणाचे वैभव. ते उभारणाऱ्या जावजी दादाजींचे नाव आपण आदराने घेतो. पण ज्या राणूजी रावजी आरू यांनी त्या अक्षरांचे पोलादी ठसे कोरले, त्यांचे नाव किती मराठी शिक्षकांना ठाऊक आहे? त्यांनी एक 'अ' कोरताना किती 'अ' टाकून दिले असतील? ते टाकून दिलेले 'अ' हेच त्यांचे संशोधन होते. केवळ मुद्रणामुळे ज्यांचे विचार आपल्यापर्यंत पोहोचले अशा शेकडो लेखकांचे चरित्र आपण लिहिले. त्या मुद्रणाला अक्षर देणाऱ्याचा विचार मात्र छापला गेला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अलीकडच्या काळातही चित्र फारसे पालटलेले नाही. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे आपल्या काळातील थोर अक्षरकार. संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांनी घडविलेला. 'विंडोज २०००' बरोबर तो घरोघर गेला. त्यांनी निबंध वाचले, प्रदर्शने भरविली, शिष्य घडविले. पण त्यांचे अक्षर जेथवर पोहोचले तेथवर त्यामागील विचार पोहोचला नाही. आपले शिक्षक ते अक्षर रोज पाहतात. त्याच्याशी वाद घालण्याइतके त्याच्याविषयी त्यांना ठाऊक नसते. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी 'माझी अक्षरगाथा' लिहून आपल्या अक्षरांविषयी स्वतः सांगितले, हा सुखद अपवाद होय.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो बळकट आहे. कारागिराला लिहिण्याची गरजच काय? चार्ल्स आणि रे ईम्स ह्या दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मुक्तकंठाने स्तुती केली. तो कोणा एका माणसाने योजलेला नाही; पिढ्यान्पिढ्या हातांनी, डोक्यावर वाहताना, पाणी ओतताना, घासताना त्याला आजचा आकार आला. लोट्यावर कोणी प्रबंध लिहिला नव्हता आणि तरीही तो निर्दोष झाला. मग अक्षरावर तरी लिहावे कशाला?

ह्याचे उत्तर असे की लोट्याच्या मागे परंपरेची अखंड साखळी होती. बापाचा हात मुलगा पाहत होता. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळत होती. हात हाच त्या ज्ञानाचा ग्रंथ होता आणि वापर हीच त्याची तपासणी. ही साखळी जेथे शाबूत आहे तेथे लेखनाची घाई नाही. पण शिशाच्या खिळ्यांची साखळी तुटली. १९३३ साली हरि गोविल यांनी देवनागरी लायनोटाइपवर आणली, पुढे प्रकाशजुळणी आली, मग संगणक आला. प्रत्येक वेळी आधीच्यांना ठाऊक असलेले काही ना काही पुढच्यांनी नव्याने, चुकत-माकत शोधले. परंपरा तुटते तेथे मागे राहिलेले लिखाण हाच एक पूल असतो. म्हणून तेथे प्रकाशन ही हौस नसून कर्तव्य ठरते.

५

मग घडविणाऱ्याचे ज्ञान छापावे कसे? येथे रूढ संशोधनपत्रिकेचा साचा तोकडा पडतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तो साचा शब्दांसाठी आणि आकड्यांसाठी झालेला आहे. त्यात आकृती येते ती लेखाची सेवक म्हणून, कोपऱ्यात, टपालतिकिटाएवढी होऊन. अक्षराच्या बाबतीत हा घात आहे. मोठ्या आकारात डौलदार दिसणारी गाठ लहान आकारात शाईने बुजते. हाच जर लेखाचा मुद्दा असेल तर आकृती लहान-मोठी करणे म्हणजे पुरावाच बदलणे होय. जेथे आकार हाच सिद्धान्त आहे तेथे मापाने छापलेली आकृती ही लेखातील मुख्य वाक्य समजली पाहिजे.

दुसरी गोष्ट, यशस्वी नमुन्यांबरोबर फसलेले नमुनेही छापले पाहिजेत. आपल्याकडे अक्षरकारांचे संग्रह निघतात ते दागिन्यांच्या पेटीसारखे : सगळेच सुंदर. ते पाहून डोळे निवतात, पण पुढच्या माणसाला वाट सापडत नाही. हा 'ल' ठेवला तो का, आणि आधीचे पाच टाकले ते का, हे कळले तर सहावा प्रयत्न करणाऱ्याचे वर्ष वाचते. गणितात उत्तराइतकीच रीत महत्त्वाची, असे आपण मुलांना सांगतो. तोच न्याय येथे लावावा.

तिसरी गोष्ट परीक्षणाची. पुष्कळ विद्वान म्हणतील की कारागिराने सांगितलेले हे अनुभवकथन. त्याला संशोधन कसे म्हणावे? शंका रास्त आहे. घडविणाऱ्याची प्रत्येक आठवण संशोधन होत नाही, जशी कवीची प्रत्येक आठवण काव्यशास्त्र होत नाही. कसोटी अशी असावी : लेख वाचून दुसऱ्या घडविणाऱ्याला ती गोष्ट करून पाहता येते काय, आणि करून पाहिल्यावर लेखकाशी असहमत होता येते काय? ज्या लेखात असहमतीला जागा आहे तो संशोधन. ज्यात केवळ कौतुकाला जागा आहे तो गौरवग्रंथ. ही कसोटी लावावयाची तर एक परीक्षक विद्वान आणि दुसरा प्रत्यक्ष काम करणारा असला पाहिजे. केवळ विद्वानांनी तपासले तर भाषा शुद्ध होईल आणि माती निसटेल. केवळ कारागिरांनी तपासले तर जे त्यांना स्वयंसिद्ध वाटते ते लिहिलेच जाणार नाही.

आपल्या समीक्षेलाही ह्यातून काही घेण्यासारखे आहे. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) पासून पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत (१९७४) मराठीत सौंदर्यविचाराची समृद्ध परंपरा आहे. तिने पूर्ण झालेल्या कृतीचा विचार मोठ्या सूक्ष्मतेने केला. ती कृती होत असताना हाताने आणि साहित्याने काय सांगितले, ह्याकडे मात्र तिचे लक्ष क्वचित गेले. संकल्पनविद्येचे लेखन मराठीत येऊ लागले तर ही बाजू भरून निघेल आणि आपल्या परिभाषेत पुस्तकी शब्दांच्या शेजारी कामाचे शब्द बसतील.

हे काम विद्यापीठांनी करावे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते, त्यातला एक वाटा महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या संस्थांचा आहे. दोन लिप्यांच्या, दोन वळणांच्या सीमेवर आपण राहतो. गोव्यात एकच भाषा रोमन आणि नागरी अशा दोन लिप्यांत छापली गेली. बेळगावात मराठी आणि कन्नड पाट्या एकाच दुकानावर लागल्या. बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले आणि हाताचे शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे हा विचार तेथे रुजला. अक्षराच्या घडणीचे प्रश्न ज्यांना रोज घराबाहेर पडल्याबरोबर दिसतात, त्यांनी ते टिपावयाचे नाहीत तर कोणी?

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. आपल्या नियतकालिकाच्या प्रत्येक अंकात आठ पाने अशा लेखनासाठी राखावी. आपल्या गावातला एक पाटी रंगविणारा, एक जुना जुळारी, एक बांधणीवाला किंवा फाँट घडविणारा एक तरुण गाठावा. त्याच्यापाशी बसून त्याच्याच शब्दांत त्याचे काम लिहून घ्यावे, त्याचे नमुने मूळ मापाने छापावे, फसलेले नमुने मागून घ्यावे, आणि छापण्यापूर्वी ते त्याला वाचून दाखवावे. तो म्हणाला "हे असे नाही", तर आपण दुरुस्त करावे. माडगावकरांनी १८६३ साली जे केले त्यापेक्षा हे फार वेगळे नाही. आपण फक्त ते नेमाने आणि तपासून करावयाचे आहे.

असे दहा-वीस लेख जमले, तर पाकळीचा 'ल' आणि दंडाचा 'ल' ह्यांविषयी विचारणाऱ्या मुलाला "दोन्ही खरे" एवढेच सांगून थांबावे लागणार नाही. ते अक्षर कोणी काढले, कशाने काढले आणि का काढले, हे शिक्षकाला पान उघडून दाखविता येईल. आणि त्या मुलाला ते उत्तर पटले नाही, तर त्याला स्वतः बोरू हातात घेऊन तिसरा 'ल' काढून पाहता येईल.